सुपारी फोडण्याआधी विचारा, हातात किती आहे? : बैठकीतल्या वडीलधाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय आबा, अण्णा, काका, मामा आणि सगळी वडीलधारी मंडळी,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

ज्यांना सोयरिकीच्या बैठकीला मानानं बोलावणं जातं, ज्यांच्या शब्दावर सुपारी फुटते आणि ज्यांच्या समोर देण्याघेण्याची याद लिहिली जाते, त्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली बाई. अकरा वर्षं आमच्या बचत गटाची सचिव आहे, हिशोबाचं रजिस्टर माझ्याच हातात असतं. बैठकीत आम्हा बायकांना जागा नसते. आम्ही आतल्या खोलीत चहा गाळतो आणि दारामागून ऐकतो. इतकी वर्षं जे ऐकलं आणि नंतर रजिस्टरात जे उतरलेलं पाहिलं, ते दोन्ही एकत्र ठेवून तुमच्याशी बोलावं म्हणून लिहायला बसले.

लग्नाचं कर्ज सावकाराच्या ओट्यावर होतं असं आपण म्हणतो. माझं म्हणणं आहे की ते बैठकीत होतं. माणूस सावकाराकडे जातो तेव्हा आकडा आधीच ठरलेला असतो, चार पंचांसमोर लिहून झालेला असतो, आणि त्यावर मुलीच्या बापानं मान हलवलेली असते. तो मान हलवतो, कारण त्या सतरंजीवर बसून "मला झेपत नाही" असं म्हणण्याची सोय आपण त्याला ठेवलेलीच नाही. तो तसं म्हणाला तर सोयरीक मोडेल, गावात बोभाटा होईल, धाकटीचं जमायला अडचण येईल. म्हणून तो गप्प बसतो. आणि तुम्ही त्याचं गप्प बसणं म्हणजे होकार समजता.

एका घराचा हिशोब सांगते. त्या माउलीला विचारून सांगते आहे, नाव-गाव सांगणार नाही. चार एकर कोरडवाहू, दोन मुली, एक मुलगा. 2025 च्या मे महिन्यात थोरलीचं लग्न झालं. बैठकीत मुलाकडचे म्हणाले, "आम्हाला हुंडा नको, फक्त लग्न चांगलं करून द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या, पाहुणे भले आहेत म्हणाले. मग याद झाली. तीन तोळे सोनं, घडणावळीसह 3 लाख. आठशे माणसांचं जेवण, ताटाला 160 प्रमाणे 1 लाख 28 हजार. कार्यालय 45 हजार. बस्ता 70 हजार. कपाट, दिवाण, फ्रिज, भांडी मिळून 85 हजार. फेटे, टॉवेल-टोपी, मानाचे आहेर 30 हजार. बँड आणि फोटोवाला 40 हजार. पत्रिका, गाड्या, मांडव आणि बाकी किरकोळ 32 हजार. बेरीज 7 लाख 30 हजार.

घरात होते 2 लाख 10 हजार, तेही एक कालवड विकून. उरलेले 5 लाख 20 हजार कुठून आले? गटातून 80 हजार. महिन्याला हप्ता घेणाऱ्या दोन कंपन्यांकडून 1 लाख. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल 1 लाख 40 हजार. आणि सावकाराचे 2 लाख, शेकडा तीननं.

शेकडा तीन म्हणजे महिन्याला 6 हजार नुसतं व्याज. तीन वर्षांत 2 लाख 16 हजार देऊन होतात आणि मुद्दल जिथं होतं तिथंच राहतं. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. त्या भावानं 5 लाख 20 हजार फेडायला 97 क्विंटलच्या वर सोयाबीन लागतं. चार एकरांत पाऊसपाणी नीट झालं तर तीस-बत्तीस क्विंटल निघतं. म्हणजे बियाणं, खत, फवारणी, घरखर्च काहीही न धरता तीन वर्षांचं सगळं पीक. आणि आडतीवर हमीभाव किती वेळा मिळतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दिवाळी झाली आणि नवराबायको दोघं कोयता घेऊन कारखान्याला गेले. उचल घेतली म्हणजे जावंच लागतं, एक कोयता म्हणजे जोडपं. म्हातारी घरी एकटी राहील म्हणून धाकटीला मागं ठेवलं, मुलाला सोबत नेलं. तो सातवीत होता. गटाच्या बैठकीत त्या माउलीची जागा सहा महिने रिकामी होती आणि रजिस्टरात तिच्या नावापुढं मी दर महिन्याला "गैरहजर" लिहीत होते.

आणखी एक गोष्ट कबूल करते. तिचे ते 80 हजार आमच्या रजिस्टरात "शेळीपालन" म्हणून लिहिलेले आहेत. लिहिणारी मीच. शेळी कधी आली नाही, येणार नाही हे मला सही घेतानाच ठाऊक होतं. लग्नासाठी म्हटलं की कर्ज मंजूर करायला अडचण होते, म्हणून बायका शेळी म्हणतात, शिलाई मशीन म्हणतात, किराणा दुकान म्हणतात. वरच्या कागदांवर आमचं गाव शेळ्यांचं गाव दिसत असेल. या जानेवारीपासून आम्ही खरं कारण लिहायचं ठरवलं आहे. ते लिहायला लागल्यावर माझं मला कळलं की आम्ही किती लग्नांचं कर्ज डोक्यावर घेऊन बसलो आहोत.

आता सोन्याचं बोलते, कारण बैठकीत सगळ्यात पटकन ठरतं ते सोनं आणि सगळ्यात जड जातं तेही सोनंच. तुम्ही म्हणता, "आमच्या वेळी तीन तोळे घातले, तुम्ही तीन घाला, जास्त कुठं मागतोय?" तुमचं म्हणणं तुमच्या जागी खरं आहे. माझं लग्न 2003 साली झालं तेव्हा तोळा सहा हजारांच्या आत होता. 2015 साली पंचवीस-सव्वीस हजारांच्या आसपास होता. 2025 साली तो लाखाच्या वर गेला. सोयाबीन तेवढ्या पटीनं वाढलं का? मजुरी वाढली का? बोलायला तीन तोळेच राहिले, पण बापाच्या डोक्यावरचं ओझं कितीतरी पट झालं. म्हणून पहिली विनंती ही, की बैठकीत तोळ्यावर बोलणं बंद करा. सोनं द्यायचं का, किती द्यायचं, हे मुलीच्या आईबापानं आपल्या घरात ठरवावं. ते यादीत नको.

माझ्या लग्नाचं सांगते. वडिलांनी विहिरीजवळचा दीड एकराचा तुकडा विकला. मला कुणी सांगितलं नाही. सात वर्षांनी संक्रांतीला माहेरी गेले, सवयीनं त्या तुकड्याकडं हरभरा उपटायला निघाले, तर भाऊ म्हणाला, "ताई, ते आता आपलं नाही." त्या दिवशी मला कळलं. वडील आज नाहीत, त्यांना विचारायचं राहून गेलं. आणि त्या एवढ्या खर्चाच्या लग्नातलं सासरच्या लोकांच्या लक्षात काय राहिलं? शेवटच्या पंगतीला मठ्ठा कमी पडला, एवढंच. पहिली चार वर्षं मी ते ऐकत होते.

"आम्हाला हुंडा नको, लग्न करून द्या" हे वाक्य तुम्ही चांगल्या मनानं बोलता, मला माहीत आहे. पण मी पाहिलेल्या याद्यांमध्ये सगळ्यात महाग वाक्य तेच आहे. हुंड्याला एक आकडा तरी असायचा. "चांगलं" या शब्दाला आकडाच नाही. कायदा काय म्हणतो तेही सांगते. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानं घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे, शिक्षा कमीत कमी पाच वर्षांची आहे. नुसती मागणी करणं हाही गुन्हा आहे. 1985 साली याच कायद्याखाली नियम झाले, त्यात वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी ठेवायला सांगितलं आहे. ती यादी लग्नाच्या वेळची, खुशीनं दिलेल्या वस्तूंची. आपली याद लग्नाच्या कितीतरी आधीची, मागितलेल्या वस्तूंची. मी कुणाला पोलिसांची भीती घालत नाही. तुम्ही माझ्या वडिलांच्या जागी आहात. पण आपण ज्या कागदावर पंच म्हणून सही करतो, तो कागद काय आहे ते आपल्याला माहीत असावं.

तुमच्यातले काही म्हणतील की शेतकरी कर्जात बुडाला तो लग्नांमुळं नाही. खरं आहे. माझी लेक बी.ए.ला इतिहास शिकते. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळायला सुरुवात केली, तो प्रकार तिनं मला वाचून दाखवला. त्या दंग्यांची चौकशी करायला जो आयोग बसला, त्यानंच लिहून ठेवलं आहे की रयतेच्या कर्जाला लग्नाचा खर्च कारण आहे, पण त्याला नको तेवढं महत्त्व दिलं गेलं. मला ते पटतं. पाऊस हुकतो, भाव पडतो, दवाखाना लागतो, कर्जाची सुरुवात तिथून होते, आणि शेतकऱ्याला उधळ्या म्हणणाऱ्यांच्या ओळीत मी बसणार नाही. पण पाऊस तुमच्या-माझ्या हातात नाही, भावही नाही. बैठक आपल्या हातात आहे.

जेवणावळीचा मुद्दा मात्र मला सोपा वाटत नाही. आमच्या चुलत सासऱ्यांनी मला विचारलं होतं, "पोरी, मी चाळीस वर्षं गावात सगळ्यांच्या पंगतीला जेवलो. माझ्या नातीच्या लग्नाला त्यांना उपाशी पाठवू?" या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. त्यांचं म्हणणं चूक नाही. ज्यांच्या घरचं आपण खाल्लं त्यांना घालावंच. पण आठवून पाहा, तेव्हा पंगत कशी व्हायची? गावातली माणसं लाकडं फोडायची, घरोघरी पोळ्या लाटल्या जायच्या, कुणी पायलीभर तूरडाळ आणून द्यायचं, कुणी दूध. पोरं वाढायला असायची. शेतात इर्जिक असते ना, तसंच ते होतं. आज यांच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, उद्या त्यांच्या. आहेर हासुद्धा त्या घराला हातभार म्हणूनच होता. आता गावानं येऊन फक्त जेवायचं उरलं आणि हातभार सगळा आचारी-वाढप्यांच्या बिलात गेला. टॉवेल-टोपीचं तर मला खरंच वाईट वाटतं. तीनशे जोड घ्यायचे, एकेक साठ रुपये धरा, 18 हजार झाले. तो टॉवेल कुणी अंग पुसायला वापरत नाही, ती टोपी कुणी घालत नाही. या लग्नातला जोड पुढच्या लग्नात जातो, तिथून आणखी पुढं. ते 18 हजार कुणाच्याच घरात राहत नाहीत.

आमच्या गटांनी मिळून पाचशे माणसांच्या स्वयंपाकाची भांडी घ्यायचं ठरवलं आहे. पातेली, परात, झारे, ताटं, वाट्या. गावातल्या कुणाच्याही लग्नाला फक्त घासून परत करण्याच्या अटीवर. पंधरा-वीस बायका पोळ्यांना येतील. वरण, भात, पोळी, एक भाजी, एक गोड. मारुतीच्या पारासमोर किंवा शाळेच्या मैदानात सकाळच्या मुहूर्तावर. तुम्ही पाठीशी उभे राहिलात तर "कार्यालय नाही घेतलं का?" असं विचारायची हिंमत कुणाची होणार नाही. तुमच्या शब्दाला गावात तेवढं वजन आहे.

हे होत नाही असं म्हणू नका, आपण करून पाहिलं आहे. 2020 च्या टाळेबंदीत पन्नास माणसांत लग्नं झाली. 2021 च्या एप्रिलमध्ये तर राज्य सरकारनं पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा दिली होती, मोडली तर 50 हजार दंड. तेव्हा आपल्या गावात झालेली लग्नं मला बोटावर मोजता येतात. त्या पोरी सुखानं नांदताहेत, लेकरं अंगणवाडीत जाताहेत. कुणाच्या सासूनं मठ्ठ्याची आठवण काढली नाही. आणि त्या साली आमच्या गटातून लग्नासाठी फार थोडं कर्ज उचललं गेलं. तो काळ वाईट होता, माणसं गेली, त्याचं कौतुक मी करत नाही. पण दंडाच्या भीतीनं जे जमलं ते आपल्या पोरींच्या मायेनं का जमू नये?

त्याच्या कितीतरी आधी, 1873 च्या सप्टेंबरात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, साधं, थोडक्या खर्चात. मे 2025 नंतर मराठा समाजाच्या बैठकांमध्येही शे-दोनशे माणसांत लग्न, डीजे नको, अशा आचारसंहितेच्या गोष्टी झाल्या. तुमच्यातले काहीजण त्या बैठकांना गेले होते. परत आल्यावर पुढच्याच महिन्यात जे लग्न ठरलं, त्याच्या यादीत मला त्यातलं काही दिसलं नाही. हे मी रागानं लिहीत नाही, पण लिहायला हवं.

दुसरा मार्ग म्हणजे नोंदणी. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं निबंधकाकडे नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदार घेऊन सही करायची. राज्याच्या महिला व बालविकास विभागाची शुभमंगल योजना शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींसाठी आहे, त्यात जोडप्यामागे पूर्वी 10 हजार मिळायचे, आता 25 हजार मिळतात. ते सामूहिक विवाहालाही मिळतात आणि नोंदणी लग्नालाही. सामूहिक विवाहात लग्न लावणं म्हणजे गरिबीचा शिक्का, असं बैठकीत बोललं जातं, ते बोलणं तरी थांबवा. गावातली जी पोरं पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर आहेत त्यांनी बांधकाम कामगार मंडळात नोंद केली असेल, तर त्यांच्या स्वतःच्या पहिल्या लग्नाला मंडळाकडून 30 हजार मिळतात. हे किती जणांना माहीत आहे?

ज्यांच्या मुली लहान आहेत त्यांना मी पोस्टाकडे पाठवते. दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर सुकन्या समृद्धीचं खातं निघतं, वर्षाला कमीत कमी 250 रुपये. महिन्याला 500 प्रमाणे पंधरा वर्षं भरले तर आपले 90 हजार जातात. व्याज सध्याच्या 8.2 टक्क्यांवर राहिलं तर खातं काढल्यापासून एकवीस वर्षांनी अडीच लाखांच्या वर हातात येतात. तिला अठरा पूर्ण झाली की शिक्षणासाठी निम्मे काढता येतात. आधी त्यासाठीच काढा, असं मी प्रत्येक आईला सांगते.

एक गोष्ट राहिली आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. "एका मांडवात दोन्ही उरकून टाका, खर्च वाचेल." हे वाक्य मी दारामागून तीन वेळा ऐकलं आहे. तिन्ही वेळा धाकटी अठराच्या आत होती. एकीचं वय सोळा होतं, ती माझ्या लेकीच्या वर्गात होती. खर्च वाचवायचा म्हणून लेकरू मांडवात उभं करायचं नाही. मोठीचं लग्न इतकं महाग केलं नसतं, तर धाकटीवर ही पाळी आली नसती. हे दोन्ही निर्णय एकाच सतरंजीवर झाले होते.

म्हणून मागणं एवढंच आहे. सुपारी फोडण्याआधी तुमच्यातल्या एकानं मुलीच्या बापाला बाजूला घेऊन, आणि मुलाच्या बापालाही, विचारावं: हातात किती आहे? कर्ज न काढता किती निघतील? तो आकडा यादीच्या वर लिहावा आणि याद त्याच्या आत बसवावी. दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा खर्च उचलावा. हे बोलणं मुलाकडच्या माणसानं आधी बोलावं, कारण मुलीकडचा बोलू शकत नाही. आणि दोन्हीकडच्या आयांना बैठकीत बसवावं, कारण हप्ता भरायला शेवटी त्याच येतात.

दुसऱ्याला सांगते आणि स्वतः काय करणार, असं तुम्ही विचाराल. माझा मुलगा लातूरला इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाला आहे. त्याची सोयरीक जमत आली आहे. आमच्याकडे 1 लाख 40 हजार आहेत, त्यातले सत्तरेक हजार पोस्टाच्या आरडीचे, महिना हजाराप्रमाणे पाच वर्षं भरलेले. हा आकडा मी पाहुण्यांना आधीच सांगितला आहे आणि त्यांचा विचारला आहे. सोन्याचं बोलणं होणार नाही. पंगत गावच्या भांड्यांतली असेल. बैठक माघात ठेवायची म्हणतो आहोत, दिवस ठरला की तुम्हाला बोलावणं येईलच. त्या दिवशी सतरंजीवर मी आणि मुलीची आई दोघीही बसणार आहोत. तुम्ही यावं, शेजारी बसावं, आणि यादीच्या वर तो आकडा तुमच्या हातानं लिहावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बचत गटाची सचिव
लातूर जिल्हा